खड्डा भरला, उपसणार कोण?

२ ऑक्टोबर २०१४ ते २ ऑक्टोबर २०१९ या पाच वर्षांत ग्रामीण भारतात दहा कोटींहून अधिक शौचालयं बांधली, असं केंद्र सरकार सांगतं. यातल्या बहुतेक शौचालयांखाली खड्डा किंवा टाकी आहे. सरकारनं शिफारस केलेल्या दोन खड्ड्यांच्या शौचालयाचा एक खड्डा, घरात पाच-सहा माणसं असतील आणि ती रोज शौचालय वापरत असतील, तर साधारण पाच-सहा वर्षांत भरतो. आज आपण नेमके त्याच वर्षांत आहोत. ज्या मोहिमेचं वर्णन 'जगातली सर्वांत मोठी वर्तनबदलाची मोहीम' असं केलं गेलं, तिचे खड्डे आता भरत आहेत. मोहिमेनं बाजूला ठेवलेला प्रश्न आता गावोगाव समोर येतो आहे: खड्डा उपसणार कोण?

हा प्रश्न सार्वजनिक आरोग्याचा आहे आणि जातीचाही. भारतात या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, हे आपल्या समाजातल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. धोरण आखणाऱ्यांना मात्र सांगावं लागतं. गेल्या दहा-बारा वर्षांत आरोग्य धोरणात वर्तनशास्त्राचा बोलबाला वाढला आहे. लोक हात का धूत नाहीत, लस का टाळतात, गोळ्या मध्येच का सोडतात, हे मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि वर्तनविषयक अर्थशास्त्राच्या मदतीनं समजून घ्यावं आणि मग धोरण आखावं, असा हा विचार. समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला तो मान्य आहे. माझं भांडण एका गोष्टीशी आहे. वर्तन बदलायचं म्हटलं की बोट कायम खालच्याकडेच का दाखवलं जातं? वरच्यांचं वर्तन हे 'वर्तन' नसतं का?

आधी या शास्त्राची ओळख करून घेऊ. २००८ मध्ये रिचर्ड थेलर आणि कास सनस्टीन यांचं 'नज' हे पुस्तक आलं. नज म्हणजे कोपरानं हळूच ढोसणं. माणूस प्रत्येक निर्णय हिशेब करून घेत नाही. तो सवयीनं वागतो, शेजारी काय करतात ते बघतो, समोर जे सोपं असेल ते उचलतो. म्हणून सक्ती किंवा दंड न करता, पर्यायांची मांडणी थोडी बदलून त्याला चांगल्या निवडीकडे वळवता येतं, असं हे म्हणणं. २०१० मध्ये ब्रिटन सरकारनं त्यासाठी स्वतंत्र गट नेमला. जागतिक बँकेचा २०१५ चा जागतिक विकास अहवाल याच विषयावर होता. २०१७ मध्ये थेलर यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे २०१८-१९ च्या आर्थिक पाहणी अहवालानं यावर अख्खं प्रकरण लिहिलं, आणि २०१९ मध्ये नीती आयोगातही वर्तनशास्त्राचा विभाग सुरू झाला.

त्या प्रकरणात यशाचं ठळक उदाहरण म्हणून स्वच्छ भारत अभियान आहे. पाच लाखांहून अधिक स्वच्छाग्रही गावांतूनच निवडले, कारण माणूस शेजाऱ्याचं ऐकतो, असं त्यात कौतुकानं लिहिलं आहे. आता एखादं सर्वसाधारण गाव डोळ्यांसमोर आणा. शेजारी म्हणजे कोण? वस्ती वेगळी, पाणवठा वेगळा, स्मशानही वेगळं. अशा गावात कोण कुणाला शेजारी मानतं? वस्तीतल्या तरुणीनं स्वच्छाग्रही होऊन वरच्या आळीत जाऊन सांगितलं, तर तिचं कोण ऐकतं? आणि वरच्या आळीतला माणूस वस्तीत येऊन सांगतो, तेव्हा ते सांगणं असतं की हुकूम?

आता संशोधन काय सांगतं ते पाहू, कारण याच प्रश्नावर चांगलं संशोधन झालेलं आहे. २०१४ मध्ये बिहार, हरियाणा, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांत तीन हजारांहून अधिक ग्रामीण कुटुंबांचं 'स्क्वॅट' नावाचं सर्वेक्षण झालं. ज्या घरांत चालू शौचालय आहे, अशा ४० टक्क्यांहून अधिक घरांतला किमान एक माणूस तरीही उघड्यावर जात होता. म्हणजे नुसतं बांधून भागत नव्हतं. का जाता, असं विचारल्यावर अनेकांनी उत्तर दिलं की बाहेर बरं वाटतं, मोकळं वाटतं, सोयीचं असतं. हे उत्तर धोरणाला फार आवडलं. सवय आहे ना, मग सवय बदलू. जाहिराती करू, नटांना बोलावू, 'दरवाजा बंद' म्हणू.

पण त्याच संशोधकांनी पुढे लोकांशी जास्त वेळ बसून बोलणं केलं, तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. डायन कॉफी, डीन स्पीअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २०१७ मध्ये लेखांतून आणि 'व्हेअर इंडिया गोज' या पुस्तकातून मांडलं. सरकारचं बारा हजार रुपयांतलं लहान खड्ड्याचं शौचालय लोकांना अपुरं, खोटं वाटत होतं. त्यांना हवा होता प्रचंड खड्डा किंवा मोठी टाकी, जी आयुष्यात उपसावी लागणार नाही. कारण खड्डा उपसणं म्हणजे 'त्या' जातीचं काम. ते आपण करायचं नाही, आणि आता ती माणसंही पूर्वीसारखी सहज येत नाहीत, आली तर पैसे मागतात. मग काय करायचं? शौचालय जपून वापरायचं. ते म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना, पावसाळ्याला आणि सुनेला. बाकीच्यांनी शेतात जायचं.

यातलं तंत्र समजून घेतलं की यामागची जात अधिक स्वच्छ दिसते. दोन खड्ड्यांचं शौचालय ही साधी आणि चांगली रचना आहे. एक खड्डा भरला की मैल्याची वाट दुसऱ्या खड्ड्याकडे वळवायची आणि पहिला झाकून ठेवायचा. वर्ष-दोन वर्षांत त्यातले रोगजंतू मरतात, वास जातो, आत मातीसारखं खत उरतं. ते फावड्यानं काढायला कुठलंच यंत्र लागत नाही आणि कुणाचा जीवही जात नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात केंद्राचे पेयजल व स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः खड्ड्यात उतरले आणि त्यांनी ते खत बाहेर काढलं. सवर्ण समाजाला तुमचा खड्डा तुम्ही उपसा, असं कृतीनं सांगणारा तो प्रसंग होता. त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण सांगितलं काय गेलं? हे 'सोनखत' आहे, घाण नाही, घाबरू नका. म्हणजे लोकांना किळस येते, ती घालवली की काम झालं, असं गृहीत धरलं. खरंच किळस असती, तर ज्या हातांनी गोठ्यातलं शेण भरलं जातं, गोवऱ्या थापल्या जातात, अंगण सारवलं जातं, त्या हातांना वर्षभर मुरलेलं कोरडं खत का चालत नाही? शेणानं दर्जा जात नाही, खड्ड्यानं जातो. या देशात मैल्याला हात लावणं ही जातीची खूण करून ठेवली आहे. त्याचं नाव अस्पृश्यता आहे, आणि एकाही जाहिरातीत ते नाव आलं नाही. पुरावा हवा असेल तर २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आहे. त्यात २७ टक्के कुटुंबांनी आपल्या घरात कुणी ना कुणी अस्पृश्यता पाळतं, असं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं. जे कबूल करत नाहीत ते वेगळे.

शेजारच्या बांगलादेशकडे पाहा. तिथल्या ग्रामीण भागात गरिबी होती, पाण्याचे आणि शिक्षणाचे प्रश्न आपल्यासारखेच होते. तरी तिथं उघड्यावर जाणं जवळजवळ संपलं, आणि तेही लहान, स्वस्त खड्ड्यांच्या जोरावर. मैला उपसणाऱ्यांना तिथंही कमीच लेखलं जातं, हे खरं. पण शौचालय वापरलं तर खड्डा भरेल, या धास्तीनं घरचं शौचालय बंद ठेवण्याची पाळी तिथं आली नाही.

पीएच.डी.ला लागण्याआधी मी उत्तर भारतातल्या गावांत एका सर्वेक्षणात प्रश्न विचारण्याचं काम केलं. प्रश्नावलीत एक प्रश्न होता: घरात शौचालय असूनही बाहेर का जाता? खाली पर्याय छापलेले: सवय, पाण्याची कमतरता, बांधकाम अपूर्ण, दुर्गंधी, इतर. एक आजोबा म्हणाले, "भर जाएगा तो निकालेगा कौन?" दुसऱ्या गावातल्या बाई जवळपास तेच म्हणाल्या. आम्ही हे उत्तर 'इतर'मध्ये टाकत होतो, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. पुढे आकडेवारी आली तेव्हा 'इतर' हा एक करडा पट्टा होता आणि त्यात नेमकं काय आहे, ते कुणीच विचारलं नाही. त्याच गावांत माझं मराठी आडनाव लोकांना उलगडायचं नाही, म्हणून पाण्याचा पेला पुढे करण्याआधी सरळ विचारलं जायचं, "कौन बिरादरी?" माझ्या उत्तरावर पेला यायचा की नाही आणि पुढची उत्तरं कशी मिळायची, हे ठरायचं. प्रश्न विचारणाऱ्याची जात नोंदवायला त्या फॉर्मवर रकाना नव्हता.

म्हणून मी म्हणते की हा सगळा खेळ प्रश्न कोण तयार करतं, इथून सुरू होतो. प्रश्न तयार करणाऱ्याच्या घरचा खड्डा त्याला स्वतःला कधी उपसावा लागलेला नसतो, आणि उपसणाऱ्याच्या घरातलं माणूस त्या खोलीत नसतं. मग 'सवय' हा पर्याय पहिला येतो आणि जात 'इतर'मध्ये जाते.

रोगाचं निदान असं झालं, म्हणून औषधही तसंच दिलं गेलं. औषध होतं लाज. २००० च्या सुमारास बांगलादेशात कमल कर यांनी एक पद्धत रुजवली. गावकऱ्यांना गोळा करायचं, जमिनीवर गावाचा नकाशा काढायचा, कोण कुठं बसतं ते सगळ्यांसमोर दाखवायचं, किळस आणि शरम जागी करायची, म्हणजे गाव आपणहून पेटून उठतं. भारतात ही पद्धत आली आणि जातीच्या उताराला लागली. उतारावर पाणी जिकडे जातं, तिकडे लाजही जाते. आपल्या महाराष्ट्रात 'गुड मॉर्निंग पथकं' आठवत असतील. पहाटे शिट्ट्या वाजवणं, टमरेल घेऊन निघालेल्या बाईला गुलाबाचं फूल देऊन हिणवणं, फोटो काढणं. आता विचार करा, अशा पथकाच्या हाती कोण लागतं? ज्याचं स्वतःचं शेत आहे तो आपल्या उसात, तुरीत जाऊन बसतो, तो कुणाला दिसत नाही. रस्त्याच्या कडेला, गायरानात, दुसऱ्याच्या बांधावर जावं लागतं ते भूमिहीनाला.

इथं दोन वेगळी माणसं एकाच आकड्यात कोंबली गेली. एकाकडे जागा आहे, पैसा आहे, शौचालयही आहे, पण खड्डा विटाळाचा म्हणून तो वापरत नाही. दुसरीकडे घराखालची जमीनच नावावर नाही, वस्तीत पाणी येत नाही, अनुदानाचा हप्ता अडलेला आहे. 'उघड्यावर जाणारे' या एका शब्दात दोघं सारखेच दोषी. पहिल्याला विचारायला हवं होतं की तू जात का सोडत नाहीस. दुसऱ्याला विचारायला हवं होतं की तुझं काय अडलंय. झालं असं की पहिल्याला नटाची जाहिरात मिळाली आणि दुसऱ्याला शिट्टी.

२०१८ मध्ये बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात पुन्हा सर्वेक्षण झालं. उघड्यावर जाणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर आलं होतं. ही घट मोठी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण शौचालय असलेल्या घरांतले जवळपास एक चतुर्थांश लोक तरीही बाहेर जात होते, आणि हे प्रमाण २०१४ पासून फारसं हललंच नव्हतं. म्हणजे बदल आला तो बांधकामातून, वर्तनातून नव्हे. दंड, धमकी, रेशन बंद करण्याची भीती अशी जबरदस्तीही सर्रास झाली होती. तिचा वाटा दलित आणि आदिवासी घरांकडे इतरांपेक्षा अधिक आला. सरकारनं हे निष्कर्ष फेटाळले. पुढे सरकारच्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, ग्रामीण भागातली २६ टक्के कुटुंबं कुठलंही शौचालय वापरत नसल्याचं नोंदलं गेलं. २ ऑक्टोबर २०१९ ला ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झालेली होती.

त्या घोषणेच्या आठवडाभर आधीची एक तारीख आपण विसरू नये. २५ सप्टेंबर २०१९. मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यातलं भावखेडी गाव. वाल्मीकी समाजातली दोन मुलं, एक बारा वर्षांची मुलगी आणि एक दहा वर्षांचा मुलगा, पहाटे उघड्यावर शौचाला बसली म्हणून काठ्यांनी मारून टाकली गेली. गावातल्या दोघांना अटक झाली. गाव कागदावर हागणदारीमुक्त होतं आणि मुलांच्या घरात शौचालय नव्हतं. ज्या समाजाकडून पिढ्यानपिढ्या साऱ्या गावाचा मैला उचलून घेतला, त्याच समाजाची लेकरं उघड्यावर बसली म्हणून जिवानिशी गेली. ही घटना एखाद्या धोरणानं घडवून आणली, असं मी म्हणत नाही. पण उघड्यावर बसणाऱ्याला हटकणं हे पुण्याचं काम आहे, असं सरकार वर्षानुवर्षं सांगत राहिलं, तर जातीच्या गावात त्या परवानगीचा अर्थ कोण कसा लावेल, याचा विचार करणं हे समाजशास्त्राचं काम होतं. तो कुठं झाला?

लाजेची ही भाषा न्यायालयापर्यंत गेली. हरियाणानं २०१५ मध्ये कायदा बदलून, घरात चालू शौचालय नसेल त्याला पंचायतीची निवडणूक लढवण्यास अपात्र ठरवलं. शिक्षणाची अटही सोबत होती. १० डिसेंबर २०१५ ला 'राजबाला' खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हा कायदा कायम ठेवला. शौचालय नसण्याचं कारण गरिबी नसून इच्छेचा अभाव आहे, असा निकालाचा रोख होता. पाहा, 'सवय' हा प्रश्नावलीतला पर्याय बघता बघता नागरिकाच्या राजकीय हक्कावर येऊन बसला. संविधानानं मतदार आणि उमेदवार म्हणून ज्याला बरोबरीनं उभं केलं, त्याला संडासाच्या भांड्यावरून बाहेर काढता आलं.

आर्थिक पाहणी अहवालाच्या त्या प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे. करचुकवेगिरी आणि कर्जबुडवेगिरी थांबवायला धर्मातल्या समजुतींचा उपयोग करावा, असं तिथं सुचवलं आहे. हिंदू धर्मात कर्ज न फेडता मरणं पाप मानलं जातं, वडिलांचं ऋण मुलानं फेडावं लागतं, वगैरे. इतर धर्मांचेही दाखले आहेत. समाजात जे रूढ आहे त्याच्या प्रवाहाबरोबर पोहा म्हणजे धोरण स्वस्तात पार पडतं, असा यामागचा विचार. आपल्याला धोक्याची घंटा ऐकू यायला हवी ती इथं. रूढी म्हणजे काय, हे आपल्याला माहीत आहे. शौचालयाला 'इज्जत घर' म्हणा, 'शौचालय नाही तर सून नाही' म्हणा, या सगळ्या घोषणा बाईच्या पडद्याच्या आणि घराण्याच्या अब्रूच्या रूढीवर उभ्या आहेत. त्यांनी रूढी मोडली नाही, तिला सरकारी शिक्का दिला. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये नेमकी उलटी दिशा दाखवली होती. लोक जात पाळतात ते दुष्ट आहेत म्हणून नव्हे, तर त्यांच्या श्रद्धेनं ती पवित्र ठरवली आहे म्हणून. तेव्हा त्या श्रद्धेच्या अधिकारालाच हात घालावा लागेल, असा त्यांचा युक्तिवाद. वर्तनबदलाचा याहून खोल सिद्धान्त भारतात दुसऱ्या कुणी मांडल्याचं मला दिसत नाही. पण वर्तनशास्त्राच्या धोरणांत तो नाव घेण्यापुरताही दिसत नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो फालतू नाही. आरोग्य खात्यानं जातिअंत करत बसायचं का? अतिसारानं मुलं आज मरतात, जात जायला शंभर वर्षं लागतील. जे आहे त्यातून वाट काढू द्या. माझं उत्तर असं: जातीला वळसा घालून काढलेली वाट शेवटी खड्ड्यापाशीच येऊन थांबते. शौचालय बांधलं, पण वापरलं नाही, तर अतिसार थांबत नाही. वापरलं आणि खड्डा भरला, तर तो उपसायला कुणाला तरी बोलावलं जातं. ते 'कुणी तरी' कोण असतं, याचा पुरावा सरकारकडेच आहे. 'नमस्ते' योजनेत केंद्रानं शहरांतल्या गटार आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या ३८ हजार कामगारांची नोंद केली, त्यातले जवळपास ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागास वर्गांतले निघाले. सर्वांत मोठा हिस्सा अनुसूचित जातींचा. हातानं मैला साफ करायला लावणं १९९३ आणि २०१३ च्या कायद्यांनी गुन्हा आहे. मृत्यू झाल्यास भरपाई सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये दहा लाख आणि २०२३ मध्ये तीस लाख केली. तरी टाकीत उतरून गुदमरल्याची बातमी येतच राहते. सवर्ण घरांनी दोन खड्ड्यांऐवजी मोठ्या टाक्या बांधल्या, म्हणजे जे खत निरुपद्रवी झालं असतं, ते ओल्या विषारी मैल्यात बदलून ठेवलं. त्यांच्या विटाळाची किंमत कुणाच्या फुप्फुसानं मोजायची, हे त्यांच्याच बांधकामानं ठरवलं. मग जात हा आरोग्य खात्याचा विषय नाही, असं कसं म्हणता येईल?

मी या शास्त्राला बामणी म्हणून फेकून द्या, असं सांगत नाही. शास्त्र आपल्याही कामाचं आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा उत्तर प्रदेशातला प्रयोग घ्या. सहावी-सातवीतल्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी दिली. जात जाहीर केली नाही, तेव्हा खालच्या मानलेल्या जातींची मुलं वरच्यांइतकीच कोडी सोडवत होती. सगळ्यांसमोर नाव आणि जात पुकारली आणि त्यांची कामगिरी घसरली. मुलं तीच, डोकं तेच. वर्गात हजेरीला आडनाव पुकारलं की पोटात काय होतं, हे आपल्याला ठाऊक होतं. हॉफ आणि पांडे यांनी ते आकड्यात पकडलं. प्रश्न नीट विचारला तर हेच शास्त्र 'यांच्यात गुणवत्ता नसते' या थापेचं थडगं बांधू शकतं.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. स्वच्छतेच्या प्रत्येक सरकारी सर्वेक्षणात खड्डा कोण उपसतं, किती पैसे मिळतात, उपसणाऱ्याची जात कोणती, हे प्रश्न हवेत आणि उत्तरं जातनिहाय जाहीर हवीत. प्रश्न विचारणारा कोण आहे, याचीही नोंद हवी. लाज, शिट्टी, फोटो, रेशन अडवणं या गोष्टी आरोग्याच्या कुठल्याही कार्यक्रमात लेखी मनाई करून बंद व्हायला हव्यात. खड्डे आणि टाक्या उपसणं ही ग्रामपंचायतीची यंत्राधारित सेवा व्हावी, चांगल्या पगाराची, विम्याची, आणि भरती सर्व जातींतून. आणि वर्तनबदलाच्या जाहिराती सवर्ण घराला उद्देशून निघू द्या: तुमचा खड्डा, तुमचं फावडं.

आता थोडं आपल्याबद्दल. हा लेख वाचणाऱ्या पुष्कळ जणांच्या घरात पदवी पहिल्यांदाच आली आहे. समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र, संख्याशास्त्र, नर्सिंग शिकून आपण आरोग्य प्रकल्पांत जातो, तेव्हा आपल्याला मिळतं ते फिरण्याचं काम: टॅबलेट घेऊन दारोदार. प्रश्नावली तयार होते त्या खोलीत आपण नसतो. ही आपल्या लायकीची कमतरता नाही. भाषा आपल्याला कळते, वस्ती आपल्याला कळते, 'निकालेगा कौन' या वाक्यामागचा इतिहास आपल्याला कुणी समजावून द्यावा लागत नाही. पुढच्या वेळी प्रशिक्षणाला बसाल तेव्हा विचारा की हा पर्याय का नाही. 'इतर'मध्ये जे येतं ते शब्दशः लिहून काढा आणि त्याचा अहवाल मागा. प्रबंधाला विषय शोधत असाल, तर वस्तीच्या 'मागासलेपणा'वर पुष्कळ लिहून झालंय, वरच्या आळीच्या विटाळावर लिहा. मार्गदर्शक कुरकुरतील, तरी लिहा. माहितीच्या अधिकारात आपल्या ग्रामपंचायतीला विचारा की किती शौचालयं दोन खड्ड्यांची, किती टाक्यांची, आणि गेल्या वर्षी त्या कुणी उपसल्या.

हे लवकर करायला हवं, कारण खड्डे थांबणार नाहीत. ते भरतील तसं कुणाच्या तरी दारावर थाप पडेल, थोडे पैसे पुढे केले जातील, आणि घरातला कमावता माणूस नाही म्हणू शकेल की नाही, हे त्या घराच्या गरिबीवर ठरेल. ती थाप पडण्याआधी आपला प्रश्न ग्रामसभेत, प्रश्नावलीत आणि धोरणाच्या मसुद्यात पोहोचला पाहिजे.

जय भीम.